कड्याकडेची वाट आणि दिवसाची मजल

इंग्लंडचा नैर्ऋत्येकडील भाग समुद्रात दूरवर घुसलेला आणि पश्चिमेकडे निमुळता होत गेलेला आहे. त्याच्या उत्तरेस ब्रिस्टलची खाडी व अटलांटिक महासागर, तर दक्षिणेस इंग्लिश खाडी असून, या सबंध प्रदेशाला कडेकडेने वळसा घालणारी सुमारे १,०१४ किलोमीटरांची, म्हणजे ६३० मैलांची पायवाट ‘साउथ वेस्ट कोस्ट पाथ’ या नावाने ओळखली जाते. सॉमरसेट परगण्यातील माइनहेड या गावी तिचा आरंभ होतो; तेथून ती डेव्हनचा उत्तर किनारा, कॉर्नवॉलचे दोन्ही किनारे, पुन्हा डेव्हनचा दक्षिण किनारा आणि अखेरीस डॉर्सेट अशी जात पूल बंदराच्या तोंडाशी असलेल्या साउथ हेवन पॉइंट या टोकाला संपते. इंग्लंडमध्ये ज्या लांब पल्ल्याच्या पायवाटांना राष्ट्रीय मार्गाचा दर्जा आहे, त्यांवर ओक वृक्षाच्या फळाचे चिन्ह कोरलेले खांब दिशा दाखवण्यासाठी उभे केलेले असतात, आणि चालणाऱ्याने दिवसभर या चिन्हाचा माग ठेवायचा असतो. माइनहेडहून निघणाऱ्याच्या उजव्या हाताला अखेरपर्यंत समुद्र राहतो. नर्मदेच्या परिक्रमेत नदी उजवीकडे ठेवण्याचा दंडक ज्यांना ठाऊक आहे, अशा मराठी वाचकाला ही गोष्ट ओळखीची वाटेल, मात्र येथे तिच्यामागे कोणताही धर्मविधी नाही, आणि उलट दिशेने चालणाऱ्यालाही कोणी अडवत नाही.

संपूर्ण वाट सलग चालण्यास बहुतेकांना सात ते आठ आठवडे लागतात. मोजके धावपटू ती अकरा दिवसांच्या आत पुरी करतात, पण तो वेगळा खेळ आहे आणि या लेखाशी त्याचा संबंध नाही. सामान्य चालणाऱ्यापुढचा प्रश्न असा असतो की रोज किती अंतर कापायचे, कोठून निघायचे आणि रात्री कोठे टेकायचे, म्हणजेच दिवसाची मजल कशी ठरवायची. वरवर पाहता हा पायांच्या ताकदीचा प्रश्न वाटतो. प्रत्यक्षात मात्र या वाटेवरील मजल ही चालणाऱ्यापेक्षा दऱ्या, खाड्या, भरती-ओहोटी, नावाड्याचे तास आणि काही ठिकाणी लष्कराचे वेळापत्रक यांनीच अधिक ठरवलेली असते. असे का व्हावे याचे उत्तर वाटेच्या जन्मकथेत आहे, कारण ही वाट एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्यासाठी पडलेलीच नाही.

अठराव्या शतकात ब्रिटिश सरकारने युद्धांचा खर्च भागवण्यासाठी चहा, ब्रँडी, जिन, तंबाखू, रेशीम आणि लेस अशा आयात मालावर जबर जकात बसवली होती. चहावरील एकूण कराचा बोजा तर मूळ किमतीहूनही अधिक होता. १७८४ मध्ये पंतप्रधान धाकट्या पिट यांनी तो शेकडा साडेबारापर्यंत खाली आणला, तेव्हा चहाच्या चोरट्या धंद्याचा कणा मोडला, पण मद्य आणि तंबाखू यांची चोरटी आयात पुढेही चालूच राहिली. फ्रान्सचा किनारा जवळ, समुद्रकाठी असंख्य आडोशाची वळणे आणि मासेमारीवर जेमतेम गुजराण करणारी गावे, अशी स्थिती असल्यामुळे कॉर्नवॉल आणि डेव्हनमध्ये हा धंदा गुन्हा न मानता उपजीविकेचा भाग मानला जाई. पेन्झन्सच्या पूर्वेस प्रशिया कोव्ह नावाची एक चिंचोळी खाच आहे; तेथील जॉन कार्टर हा चोरटा व्यापारी ‘प्रशियाचा राजा’ या टोपणनावाने प्रसिद्ध होता आणि त्यावरूनच त्या जागेला हे नाव पडले. जकात अधिकाऱ्यांनी त्याचा माल जप्त केला असता त्याने रात्री सरकारी गोदाम फोडून केवळ स्वतःचाच माल परत नेला आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला नाही, असे तेथे सांगतात; ही कथा खरी असो वा रचलेली, गावकऱ्यांची सहानुभूती कोणत्या बाजूला होती हे तिच्यावरून पुरेसे कळते.

या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १८०९ मध्ये किनाऱ्यालगत गस्त घालणारे जलरक्षक दल उभारण्यात आले आणि १८२२ मध्ये हे दल व जकात खात्याच्या अशाच इतर शाखा एकत्र करून किनारारक्षक दल, म्हणजे कोस्टगार्ड, ही संस्था निर्माण झाली. या दलातील शिपायांनी रात्रीच्या वेळी पायी गस्त घालायची असे, आणि गस्तीचा हेतू पुढच्या चौकीवर पोहोचणे हा नसून वाटेतील प्रत्येक खाच, प्रत्येक पुळण आणि प्रत्येक घळ डोळ्यांखालून घालणे हा होता. साहजिकच त्यांची पायवाट कड्याच्या अगदी ओठावरून गेली. जेथे एखादे भूशीर समुद्रात घुसले होते तेथे ती त्याच्या टोकापर्यंत जाऊन परत फिरली, जेथे ओढ्याने कडा कापला होता तेथे ती थेट पाण्यापर्यंत उतरून पुन्हा वर चढली. शेतकरी किंवा बाजारकरू कधीही अशा वाटेने गेला नसता. तो आतल्या बाजूने, उंच कुंपणांच्या मधून जाणाऱ्या पाणंदीने निम्म्या अंतरात गाव गाठी. शिपाई आणि गावकरी यांच्यात जवळीक होऊ नये म्हणून शिपायांची नेमणूक त्यांच्या मूळ गावापासून दूर केली जाई आणि त्यांच्यासाठी वेगळी घरे बांधली जात. किनाऱ्यावरील अनेक वस्त्यांत एका ओळीत बांधलेली ही घरे आजही उभी आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जकात उतरली, मुक्त व्यापाराचे धोरण आले आणि तस्करीतला नफाच संपला. पुढे मासेमाऱ्यांनी ही वाट थोडीफार वापरती ठेवली. कॉर्नवॉलमध्ये पिलचर्ड नावाच्या, तारलीच्या जातीच्या माशांचे प्रचंड थवे किनाऱ्याजवळ येत आणि ते येताना पाण्याचा बदललेला रंग कड्यावरून दिसे. असा थवा हेरून ओरडून होड्यांना इशारा देणारा टेहळ्या प्रत्येक गावाने नेमलेला असे, आणि न्यूकी येथे त्याच्यासाठी बांधलेली पांढऱ्या भिंतींची झोपडी अजून जपून ठेवलेली आहे. तरीही अनेक ठिकाणी वाट काटेरी झुडपांत बुजून गेली होती. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला, तेव्हा या जुन्या गस्ती-मार्गाला सार्वजनिक पायवाटेचे रूप देण्याचे ठरले. पण शिपायांची वहिवाट ही जनतेची वहिवाट नव्हती, त्यामुळे जमीनमालकांशी तुकड्यातुकड्याने बोलणी करून हक्क मिळवावे लागले. कॉर्नवॉलचा भाग १९७३ मध्ये, दक्षिण डेव्हन व डॉर्सेटचे भाग १९७४ मध्ये आणि सॉमरसेट व उत्तर डेव्हनचा भाग १९७८ मध्ये रीतसर खुला झाला. सरकारी चिकाटीचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही, परंतु या काळात ‘नॅशनल ट्रस्ट’ या विश्वस्त संस्थेने १९६५ पासून मोहीम काढून किनाऱ्यालगतच्या जमिनी विकत घेण्याचा सपाटा लावला नसता, तर आजच्या वाटेच्या दोन्ही अंगांना कितीतरी अधिक सुट्टी-निवास आणि वाहनतळ दिसले असते.

गस्तीसाठी आखलेल्या या वाटेचा परिणाम चालणाऱ्याला पहिल्याच दिवसापासून गुडघ्यांत जाणवतो. संपूर्ण वाटेवरील चढांची बेरीज सुमारे ३५,००० मीटर भरते आणि ती एव्हरेस्टच्या उंचीच्या चौपट असल्याचे जवळजवळ प्रत्येक माहितीपुस्तिका सांगते. ही तुलना आकर्षक असली तरी फसवी आहे, कारण या वाटेवरील सर्वांत उंच जागा, उत्तर डेव्हनमधील ग्रेट हँगमन ही टेकडी, अवघी ३१८ मीटर उंच आहे, आणि दक्षिण किनाऱ्यावरील सर्वोच्च ठिकाण असलेला गोल्डन कॅप हा कडा तर १९१ मीटरच भरतो. उंची कोठेच फारशी नाही. दमणूक होते ती शे-दीडशे मीटरांचे चढ आणि तितकेच उतार दिवसातून पुन्हा पुन्हा करावे लागतात यामुळे, आणि त्यातही चढणीपेक्षा उतरणीने गुडघे अधिक दुखावतात.

या दृष्टीने डेव्हन आणि कॉर्नवॉल यांच्या सीमेवरील हार्टलंडचा धक्का ते ब्यूड हा टप्पा सर्वांत अवघड टप्प्यांपैकी एक समजला जातो. येथील कडे वालुकाश्म आणि शेल यांच्या थरांचे असून, सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या भूहालचालींत हे थर दाबले जाऊन वळ्या पडल्यासारखे वाकलेले आहेत. या प्रदेशातील लहान ओढे पूर्वी संथ उताराने समुद्राला मिळत असावेत. पण लाटांनी कडा इतक्या वेगाने मागे रेटला की ओढ्यांना आपले पात्र तितक्या वेगाने खोल करता आले नाही, म्हणून त्यांपैकी काही ओढे आता कड्याच्या मध्यावरून धबधब्याच्या रूपाने थेट पुळणीवर कोसळतात. अशा दरीला भूगोलात लोंबती दरी म्हणतात. सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या या एका मजलेत अशा आठ-दहा दऱ्या आडव्या येतात, आणि प्रत्येक वेळी मातीत लाकडी फळ्या ठोकून केलेल्या पायऱ्यांनी खाली उतरायचे, ओढ्यावरचा साकव ओलांडायचा आणि समोरची उभी चढण चढायची असा क्रम असतो. वाटेत उपाहारगृहे नावापुरतीच आहेत.

अंतर आणि चढ यांचा मेळ घालून वेळ काढण्यासाठी गिर्यारोहक एक साधा नियम वापरतात, जो विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडला. दर तीन मैलांना, म्हणजे सुमारे पाच किलोमीटरांना, एक तास धरावा आणि त्याखेरीज दर दोन हजार फूट, म्हणजे सुमारे सहाशे मीटर चढाला आणखी एक तास मिळवावा, असा तो नियम आहे. हार्टलंड-ब्यूड टप्प्याला तो लावला तर अंतराचे पाच तास आणि सुमारे तेराशे मीटर चढाचे दोन तासांहून अधिक, असे सात तासांच्या वर गणित जाते, आणि त्यात विश्रांती, जेवण, चिखल व उलटा वारा यांपैकी काहीही धरलेले नाही. उलट डॉर्सेट किंवा दक्षिण डेव्हनमधील एखाद्या शहराजवळचा तेवढ्याच लांबीचा सपाट टप्पा पाच-साडेपाच तासांत सहज संपतो. नकाशावरची लांबी पाहून दिवसांचे समान वाटे पाडणारा मनुष्य तिसऱ्या-चौथ्या दिवशीच अडचणीत येतो तो यामुळे.

याच टप्प्यात मॉर्वेनस्टो हे गाव लागते, आणि येथे थोडे थांबणे योग्य ठरेल. रॉबर्ट स्टीफन हॉकर हे एकोणिसाव्या शतकात चाळीस वर्षे तेथील चर्चचे धर्मगुरू होते. शिडांच्या जहाजांना अटलांटिकच्या वाऱ्याने एकदा या किनाऱ्याकडे रेटले की आसऱ्याला बंदर नव्हते, आणि कड्याखाली फुटलेल्या जहाजांतील खलाशांची प्रेते पुळणीवर येऊन पडत. पूर्वी अशी बेवारस प्रेते सापडतील तेथेच वाळूत किंवा कड्यावर पुरून टाकण्याची रीत होती. कॉर्नवॉलच्या दक्षिण किनाऱ्यावर लो बार येथे डिसेंबर १८०७ मध्ये ‘अ‍ॅन्सन’ ही युद्धनौका फुटली आणि किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मोठ्या संख्येने माणसे बुडाली, तेव्हा या रीतीविरुद्ध ओरड झाली आणि पुढच्याच वर्षी समुद्राने बाहेर टाकलेली प्रेते दफनभूमीत सन्मानाने पुरण्याचा कायदा झाला. हॉकर यांनी तो मनावर घेतला. ते स्वतः माणसे घेऊन कड्याखाली उतरत, प्रेते वर आणवत आणि आपल्या चर्चच्या आवारात त्यांचे दफन करीत. अशा चाळीसहून अधिक खलाशांना तेथे जागा मिळाली. १८४२ मध्ये फुटलेल्या ‘कॅलेडोनिया’ या जहाजाच्या नाळेवरील स्त्रीची लाकडी मूर्ती त्यांनी कबरीवर उभी केली होती. ती आता चर्चच्या आत असून बाहेर तिची प्रतिकृती आहे. कड्याच्या बाजूला अर्धवट जमिनीत रुतवलेली, वाहून आलेल्या लाकडांची त्यांनी बांधलेली झोपडी वाटेवरून चार पावलांवर आहे, आणि नॅशनल ट्रस्टच्या ताब्यातील ती सर्वांत लहान वास्तू मानली जाते.

दऱ्यांनंतर मजलेवर सत्ता चालते ती नद्यांच्या मुखांची. दक्षिण किनाऱ्यावरील नद्यांची मुखे ही बुडालेल्या दऱ्या आहेत. हिमयुग संपून समुद्राची पातळी वर चढली, तेव्हा पाणी आत शिरून या दऱ्या लांबलचक, फाटे फुटलेल्या खाड्या बनल्या. त्यांना पुलावरून वळसा घालायचा तर एकेक दिवस खर्ची पडतो, म्हणून फॅल्मथ, फॉय, प्लिमथ, सॉल्कम, डार्टमथ अशा ठिकाणी तरीने पलीकडे जातात. मोठ्या गावांतील तरी वर्षभर चालतात, पण लहान खाड्यांवरील सेवा हंगामी असते, आणि एव्हन नदीच्या मुखावरील बँथम येथील तर मात्र हंगामातही सकाळी एक तास आणि दुपारी एक तास इतकीच चालते व रविवारी बंद असते. मध्यंतरी येणाऱ्याला पलीकडच्या तीरावर उभे राहून हात हलवण्यापलीकडे काही करता येत नाही.

प्लिमथच्या पूर्वेकडील यॅम, अर्म आणि एव्हन या तीन नद्यांचा टप्पा तर मजल आखणाऱ्याची परीक्षाच पाहतो. यॅमवर ठरावीक तासांची तर आहे, एव्हनवर वर सांगितलेली तर आहे आणि या दोहोंच्या मधोमध असलेल्या अर्म नदीवर पूलही नाही आणि तरही नाही. तेथे ओहोटीच्या वेळी बूट हातात घेऊन वाळूवरून पात्र ओलांडायचे असते, आणि त्यासाठी पूर्ण ओहोटीच्या आधीचा एक तास व नंतरचा एक तास इतकाच अवकाश सुरक्षित मानतात. पाऊस झालेला असेल किंवा दक्षिणेकडून लाटा येत असतील तर तेवढाही नाही. हा अवकाश हुकला तर रस्त्याने दहा किलोमीटरांहून अधिक वळसा पडतो. यॅमपासून अर्म सुमारे पंधरा किलोमीटर आणि अर्मपासून एव्हन सहा-सात किलोमीटर. म्हणजे सकाळची तर पकडून निघालेल्या मनुष्याला अर्मवर दुपारची ओहोटी सापडली पाहिजे, आणि दुपारची दुसरी तर सुटण्यापूर्वी एव्हनही गाठता आली पाहिजे, असे तिन्ही योग एका दिवशी जुळणे दुर्मीळच. म्हणून शहाणे लोक हा टप्पा दोन दिवसांचा करतात.

भरती-ओहोटीचे एक चक्र साधारण बारा तास पंचवीस मिनिटांचे असल्यामुळे ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि पंधरवड्याने पुन्हा तेथेच येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत आल्याने उधाण येते, म्हणजे भरती अधिक चढते आणि ओहोटीही अधिक दूर जाते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो आणि पाण्याची हालचाल मंदावते. मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बाराच्या आसपास येते, हे तेथील मच्छीमारांना पंचांग न उघडता ठाऊक असते. प्लिमथच्या किनाऱ्यावर याच्या जवळजवळ उलट स्थिती आहे: तेथे उधाणाची भरती सकाळ-संध्याकाळ येते आणि मोठी ओहोटी दुपारच्या सुमारास. त्यामुळे अर्म ओलांडण्यासाठी अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस सोयीचे ठरतात. प्रत्येक किनाऱ्याची वेळ त्याच्या तळाच्या ठेवणीवर अवलंबून असल्यामुळे एका ठिकाणचा आडाखा दुसऱ्या ठिकाणी लावणे मात्र धोक्याचे आहे, आणि छापील कोष्टक खिशात असणे केव्हाही बरे.

कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाला, लँड्स एंडपासून थोड्याच अंतरावर, पोर्थकर्नो नावाची शंखशिंपल्यांच्या चुऱ्याची पांढरी पुळण आहे, आणि तिचा मुंबईशी थेट संबंध आहे. १८७० मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान यांना जोडणारी समुद्राखालची तार येथे किनाऱ्याला लागली. जिब्राल्टर, माल्टा, अलेक्झांड्रिया, सुएझ आणि एडन या मार्गाने ही साखळी मुंबईपर्यंत पोहोचली होती. तिचा मुंबई ते एडन हा भाग ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या आगबोटीने त्याच वर्षी अंथरला. तार आणायची होती फॅल्मथला, पण त्या गजबजलेल्या बंदरात जहाजांचे नांगर तारेत अडकण्याची भीती होती, म्हणून ही आडबाजूची दरी निवडण्यात आली. जहाजाने आठवड्यांत पोहोचणारी बातमी यामुळे मिनिटांत पोहोचू लागली, आणि मुंबईच्या कापूस बाजाराला लिव्हरपूलचे भाव कळण्याची रीतच बदलली. दुसऱ्या महायुद्धात येथील तारयंत्रे बाँबहल्ल्यापासून वाचवण्यासाठी कथील खाणींतील कामगारांकडून ग्रॅनाइटमध्ये भुयारे खोदवून घेतली गेली, आणि आता त्याच जागेत संग्रहालय आहे. त्या दिवशीच्या मजलेतून दोन तास काढून ते पाहावे. पुढचे भूशीर कोठे पळून जात नाही.

मुक्कामाच्या सोयीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. इंग्लंडमध्ये मालकाच्या परवानगीशिवाय उघड्यावर तंबू ठोकण्याचा सर्वसाधारण हक्क नाही, त्यामुळे चालणाऱ्याला तंबूंसाठी राखलेली शेते, युवा वसतिगृहे किंवा न्याहारीसह खोली देणारी घरे यांच्यावर अवलंबून राहावे लागते, आणि जेथे दोन वस्त्यांत अंतर अधिक तेथे मजल आपोआप लांबते. सामान पुढच्या मुक्कामावर गाडीने पोहोचवणारे व्यावसायिक मिळतात. सलग सात-आठ आठवडे मोकळे काढणे नोकरदारांना जमत नाही, म्हणून ही वाट पुरी करणाऱ्यांपैकी पुष्कळ जण ती दर वर्षी आठवडाभर किंवा शनिवार-रविवारी थोडी थोडी चालतात. गाडी एका टोकाला ठेवून किनाऱ्यालगत धावणाऱ्या बसने दुसऱ्या टोकाला जायचे आणि तेथून चालत गाडीपर्यंत परत यायचे, ही त्यांची ठरलेली पद्धत. सलग चालणारे लोक या पद्धतीला किंचित कमी लेखतात, ते का हे समजत नाही. वसंतात कड्यांवर फुललेले गुलाबी थ्रिफ्ट आणि पिवळे गॉर्स, आणि शरद ऋतूत तांबूस झालेले नेचे, हे दोन्ही पाहायला मिळते ते तुकड्यांनी चालणाऱ्यालाच.

डॉर्सेटमध्ये मजल ठरवण्याचा अधिकार काही अंशी लष्कराकडे जातो. लुलवर्थच्या पूर्वेला रणगाड्यांच्या गोळीबाराचे सराव-क्षेत्र आहे आणि वाट त्यातूनच जाते. सराव चालू असताना लाल निशाणे लावून ती बंद ठेवतात आणि बहुतेक शनिवार-रविवारी व सुट्ट्यांच्या काळात उघडतात, म्हणून पश्चिमेकडून येणाऱ्याला आधीचे आठ दिवस असे आखावे लागतात की येथे तो शनिवारीच पोहोचावा. याच क्षेत्रात टाइनम हे गाव आहे. डिसेंबर १९४३ मध्ये युद्धाच्या सरावासाठी ते रिकामे करण्यात आले. गावकरी परत येण्याच्या आशेने गेले, पण सरकारने १९४८ मध्ये जमीन सक्तीने संपादन केली आणि गाव ओसच राहिले. त्याआधी लागणारा चेझिलचा बांध हा सुमारे २९ किलोमीटर लांबीचा गोट्यांचा पट्टा असून, त्याच्या पश्चिम टोकाला वाटाण्याएवढे असणारे खडे पूर्वेकडे पोर्टलंडपाशी बटाट्याएवढे होतात, आणि रात्रीच्या अंधारात होडी लावणारे तस्कर खडा चाचपून आपण कोठे उतरलो हे ओळखत, असे म्हणतात. त्यावरून चालणे इतके कष्टाचे आहे की वाट बहुतांशी मागच्या खाजणाच्या काठाने नेलेली आहे.

या किनाऱ्यावरील जमीन मात्र स्थिर नाही. ॲक्समथ आणि लाइम रीजिस यांच्या दरम्यान १८३९ च्या नाताळात शेतजमिनीचा एक प्रचंड तुकडा समुद्राकडे घसरला. चुनखडकाच्या खालील चिकण थर पावसाने ओलावल्यामुळे वरचा भार सरकला, आणि हे घडलेले वैज्ञानिकांनी लगोलग येऊन नोंदवून ठेवले. तुटून अलग झालेल्या भागावरील गव्हाचे पीक पुढच्या उन्हाळ्यात कापले गेले, तेव्हा ते पाहायला मोठी गर्दी जमली होती. आज त्या घसरलेल्या जागी दाट रान माजले असून, वाट त्यातून सुमारे अकरा किलोमीटर जाते आणि मधून बाहेर पडायला रस्ता नाही. समुद्र पावलांखाली असूनही येथे क्वचितच दिसतो. दक्षिण डेव्हनमधील हॉलसँड्सची हानी मात्र निसर्गाने एकट्याने केली नाही. डेव्हनपोर्टच्या नौदल गोदीच्या विस्तारासाठी १८९७ पासून या गावासमोरील समुद्रतळातून लक्षावधी टन गोटे उपसण्यात आले. समुद्र नवे गोटे आणून ही भर आपोआप करील असे गृहीत धरले होते, पण तो साठा हिमयुगाच्या अखेरीस तयार झालेला होता आणि त्याला नवा पुरवठा नव्हता. पुळणीची पातळी खचू लागली, गावकऱ्यांनी तक्रारी केल्या, १९०२ मध्ये परवाना रद्द झाला, तोपर्यंत उशीर झाला होता. जानेवारी १९१७ च्या वादळात गाव लाटांनी फोडून टाकले. जीवितहानी झाली नाही, परंतु राहण्याजोगे एकच घर उरले. वाटेवरून त्या भिंतींचे अवशेष दिसतात.

कडा असा मागे हटत असताना कड्याच्या ओठावरील वाट टिकवायची कशी, हा प्रश्न कायद्यापुढेही होता. जुन्या पद्धतीत पायवाट म्हणजे नकाशावर आखलेली एक पक्की रेषा होती. ती रेषा ज्या जमिनीवर होती ती समुद्रात गेली की हक्कही तिच्याबरोबर जाई, आणि मालकाशी नव्याने बोलणी करून नवी रेषा मंजूर होईपर्यंत चालणाऱ्यांना डांबरी रस्त्यावरून वळसा घ्यावा लागे. सागर व किनारा-प्रवेश यांविषयीच्या २००९ च्या कायद्याने इंग्लंडच्या सबंध किनाऱ्यालगत सुमारे ४,३०० किलोमीटरांची सलग वाट आखण्याचे ठरवले, आणि साउथ वेस्ट कोस्ट पाथ हा तिचाच एक भाग झाला. या कायद्यात वाट ‘मागे सरकण्याची’ तरतूद आहे: जेथे ती आधीच जाहीर केली असेल तेथे कडा ढासळला तर वाटही आतल्या जमिनीवर सरकते, आणि त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून मंजुरीची प्रक्रिया करावी लागत नाही. एवढेच नव्हे, तर वाट आणि समुद्र यांच्या मधल्या जमिनीवरही सामान्यतः लोकांना वावरण्याचा हक्क मिळतो. घरे, त्यांची आवारे आणि बागा यांना मात्र हा हक्क लागू नाही. म्हणून जेथे ढासळत आलेला कडा एखाद्या बंगल्याच्या बागेच्या कुंपणापर्यंत पोहोचला आहे, तेथे वाट त्या बागेत सरकू शकत नाही, ओकच्या फळाचा खांब उचलून मागच्या गल्लीत रोवला जातो, आणि त्या मजलेत एखादा किलोमीटर मोटारींच्या मधून चालण्याची भर पडते.